तीस रुपयांचा जार की नव्वदचा?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून, नाव न छापण्याच्या विनंतीवरून):

"आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे दोन वर्षांपासून रोज वीस लिटरचा एक जार घेतो, तीस रुपयांना. जारवाला सकाळी गेटशी ठेवून जातो. घरात आम्ही पाच माणसं, त्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. मागच्या पावसाळ्यात त्यांना दोनदा हगवण लागली, एकदा तर सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. नामांकित कंपनीचा सीलबंद जार इथं नव्वदला पडतो. हे म्हणतात, पाणी ते पाणी, तिप्पट पैसे कशाचे? पुण्याचा भाचा टीडीएस मोजायचं पेन घेऊन आला होता. आमच्या जारचं पाणी ३८ दाखवलं, कंपनीच्या बाटलीचं ११८, नळाचं ३१०. तो म्हणाला, मामी, तुमचा जार एक नंबर! खरं काय मानू? डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. कार्यालयवाले छोट्या बाटल्या घ्या म्हणतात, ह्यांना चिल्ड जार लावायचेत. आणि परवा हॉटेलात वीसच्या बाटलीचे साठ लावले म्हणून ह्यांनी चारचौघांत भांडण काढलं. त्यात तरी कोण बरोबर?"

ताई,

आधी ते पेन बाजूला ठेवू, कारण तुमच्या घरातला सगळा घोळ तिथून सुरू झालाय. त्या पेनाच्या टोकाला दोन तारा असतात. पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच त्या मोजतात, आणि त्यावरून विरघळलेले क्षार, म्हणजेच टीडीएस, किती असतील याचा अंदाज पडद्यावर येतो. जंतू, कीटकनाशक, ड्रेनेजचं मिसळलेलं पाणी, यातलं काही त्याला दिसत नाही. वरणात मीठ किती पडलंय हे जिभेला कळतं. वरणात पाल पडली होती का, हे नाही. पेनाचंही तसंच.

उलट तुमचा ३८ हा आकडा मला खटकला. बाटलीबंद पाण्यात लिटरमागे कॅल्शियम किमान २० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम किमान १० मिलिग्रॅम असावं, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. हे दोन्ही एकटे राहत नाहीत, सोबत बायकार्बोनेट वगैरे मंडळी येतातच. म्हणजे नियमानं भरलेलं पाणी पेनावर ३८ दाखवणं अवघड. तुमच्या जारवाल्यानं आरओ मशीनमधून पाणी काढलं (ते क्षारही काढून टाकतं), क्षार परत घालायचे कष्ट घेतले नाहीत आणि जार भरला, एवढं त्या आकड्यावरून निघतं. भाच्यानं ज्याला 'एक नंबर' म्हटलं, ते खरं तर नियमात न बसणारं पाणी आहे. आणि नळाचे ३१०? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ५०० पर्यंत टीडीएस चांगला धरतात, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जायकवाडीच्या पाण्याची क्षारांबाबत काही तक्रार नाही. ते आठवड्यानं येतं आणि तोवर टाकीत साचून राहतं, ही तक्रार वेगळी, आणि तीच मोठी.

भाचा पुण्याचा आहे ना? मग त्याला त्याच्याच शहराची आठवण करून द्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात गिया बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा संशय पाण्यावर गेला. महापालिकेनं तपासणी केली आणि त्या पट्ट्यातले काही खासगी आरओ प्रकल्प सील केले. तिथल्या पाण्याचा टीडीएसही बहुधा छान कमीच असणार. आरओ मशीन पाणी गाळतं, पण पुढं ते ज्या टाकीत पडतं, ज्या नळीतून येतं आणि ज्या जारमध्ये भरलं जातं, त्याची जबाबदारी मशीन घेत नाही.

आता पैशांकडे येऊ. जारची किंमत जाराशी आणि बाटलीची बाटलीशी लावून काही कळत नाही. सगळं लिटरवर आणा. तुमचा जार लिटरला दीड रुपया. कंपनीचा सीलबंद जार साडेचार. दुकानातली लिटरची बाटली अठरा-वीस. कार्यालयातली २०० मिलीची बाटली सहा रुपयांना धरली तर लिटर तीस रुपयांचं झालं. हिमालयातल्या झऱ्याचं म्हणून विकतात ते साठ-सत्तरच्या घरात, आणि फ्रान्सहून येणारं एव्हियाँ दोनशेच्या वर. आणि तुमच्या घरापर्यंत नळानं येणारं पाणी? मुंबईत महापालिका घरगुती वापराच्या हजार लिटरना दहा रुपयेसुद्धा घेत नाही. तुमच्याकडे पाणीपट्टी वर्षाची ठोक आहे, पण तिचाही लिटरला हिशेब केला तर पैशांतच निघेल.

दीड रुपयापासून दोनशेपर्यंतच्या या शिडीवर चढताना पाणी त्या प्रमाणात स्वच्छ होत जात नाही. पाणी जड असतं, वीस लिटर म्हणजे वीस किलो. ते हिमाचलातल्या सिरमौर जिल्ह्यातून किंवा फ्रान्समधून आणायचं तर किमतीत डिझेल, जहाज, जकात आणि बाटलीचं डिझाइन असणारच. कायद्यानं बाटलीबंद पाण्याचे दोन प्रकार आहेत. एक 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर': ते बोअरचं असो की नळाचं, आरओ, यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण), ओझोन असे संस्कार करून भरतात. दुसरं 'नॅचरल मिनरल वॉटर': ते उगमापाशीच भरायचं आणि त्यातल्या खनिजांना हात लावायचा नाही. अठरा-वीसच्या जवळपास सगळ्या बाटल्या पहिल्या प्रकारातल्या असतात, मग लेबलवर कितीही डोंगर काढलेले असोत. दुसऱ्या प्रकारात चव वेगळी लागते, आणि ज्याला परवडतं त्यानं खुशाल प्यावं. सासूबाईंच्या पोटासाठी ते पाणी जास्त सुरक्षित आहे, असं मात्र नाही.

मोठं नाव म्हणजे आपोआप शुद्ध, हेही धरू नका. २००३ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं दिल्ली आणि मुंबईच्या बाजारातले ३० ब्रँड तपासले आणि नामांकित बाटल्यांतही कीटकनाशकं सापडली. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि मग कुठं सरकारनं मर्यादा कडक केली: एका कीटकनाशकाची लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, सगळी मिळून ०.५. म्हणजे बाटलीवरच्या नावानं काही झालं नाही. कुणीतरी तपासलं, पकडलं आणि जाब विचारला, तेव्हा फरक पडला. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तरही त्याच वाटेनं जातं. किंमत किती यापेक्षा, उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण हे त्या भांड्यावर लिहिलंय का, ते बघा.

तीसच्या जारवर ते लिहिलेलं नसतं. लेबल नाही, बॅच नाही, तारीख नाही, छापील किंमत नाही, परवाना नाही. सील नसल्यामुळे 'आम्ही पॅकबंद पाणी विकतच नाही, सुटं विकतो' असं म्हणून हे धंदेवाले बाटलीबंद पाण्याच्या नियमांतून अलगद निसटतात. सगळेच वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही जण खरंच नेकीनं धंदा करतात. पण नेकी ओळखायची कशी? उद्या सकाळी जार आला की रिकामा जुना जार उलटा करून उन्हात धरा आणि तोंडातून आत बघा. आतून चरे पडलेत का? तळाच्या कडेला हिरवट झाक दिसते का? बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं का? लागत असेल, तर तो जार प्लँटवर नुसता विसळून परत भरला जातो. मग पाणी कितीही गाळलेलं असो, त्या बुळबुळीत थरात जंतू ठाण मांडून बसलेले असतात. जारवाल्याला सरळ विचारा, जार कशानं धुता, प्लँट बघायला येऊ का? जो 'या की ताई' म्हणेल त्याच्याकडे जरूर जाऊन या. जो हसण्यावारी नेईल त्याला नमस्कार करा.

नव्वद देण्याआधी मधली एक पायरी आहे, ती बहुतेक लोक बघतच नाहीत. तुमच्या शहरात परवाना असलेले स्थानिक भरणावाले आहेत. त्यांचा सीलबंद जार साधारण पन्नास-साठला मिळतो. त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असायला हवा; तो एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर टाकला की परवाना कुणाच्या नावे आणि चालू आहे का ते कळतं. आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्याजवळचा सीएमएल (म्हणजे त्या चिन्हाच्या परवान्याचा) क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा. मार्च २००१ पासून बाटलीबंद पाण्याला हे चिन्ह सक्तीचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएसएसएआयनं ती अट काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर या पाण्याला जास्त जोखमीच्या पदार्थांत घातलं, म्हणजे तपासण्या जास्त. चिन्ह नसलं म्हणजे माल खोटा असं आता म्हणता येत नाही, पण असेल तर मी त्याला अजूनही पसंती देईन. सील तुटलेलं, तारीख पुसलेली किंवा ब्रँडच्या नावात एखादं अक्षर इकडंतिकडं केलेलं दिसलं तर जार दारातूनच परत. आणि वापरून झालेलं सील कात्रीनं कापून टाका, नाहीतर तेच परत फिरतं.

पण यातलं काही करायच्या आधी एक तपासणी करा, म्हणजे घरातला वाद अंदाजावर चालणार नाही. एच-टू-एस नावाची छोटी बाटली मिळते. आरोग्य केंद्रात विचारा, नाहीतर प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात. अशा तीन घ्या. एकीत जार उघडल्या उघडल्या पाणी भरा, दुसरीत तुमच्या डिस्पेन्सरच्या तोटीचं, तिसरीत टाकीत साठवलेल्या नळाच्या पाण्याचं. भरताना झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका. खुणेपर्यंत भरून झाकण लावा, चिठ्ठ्या चिकटवा आणि घरातल्या उबदार कोपऱ्यात एक-दोन दिवस ठेवा. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्यातून येणाऱ्या जंतूंची शक्यता मोठी, ते पिऊ नका. (मग ती बाटली ब्लीचिंग पावडर घालूनच ओता, मोरीत तशीच सांडू नका.) माझा तर्क असा की पहिली बाटली नाही तरी दुसरी काळी पडेल. डिस्पेन्सरची तोटी आणि पंपाची नळी महिनोन्‌महिने कुणी धुत नाही. पक्का अहवाल हवा असेल तर सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत नमुना द्या, पण घरची बाटली नेऊ नका. त्यांच्याकडूनच निर्जंतुक बाटली आणा. तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं, ते नसेल तर निकाल फसवा येतो.

आता खर्च. रोज वीस लिटर तुम्ही सगळे पीत नाही. पाच माणसांचं पिण्याचं पाणी बारा-तेरा लिटर, बाकीचं भात, वरण, चहा, कणीक यात जातं. जे उकळून शिजणार आहे त्याला जारचं पाणी कशाला? टाकीतलं पाणी गाळून घ्या, बस्स. म्हणजे साठचा सीलबंद जार दीड दिवस पुरेल, महिन्याला वीस जार, बाराशे रुपये. आज तुम्ही नऊशे देताय. मिस्टरांना सांगा, वाद सत्तावीसशे विरुद्ध नऊशेचा नाहीच, तीनशे रुपयांचा आहे. एका सलाईनला किती लागले होते, तेही विचारा.

सासूबाईंपुरतं मी आणखी सुचवेन: त्यांचं पाणी उकळूनच द्या. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. बारा लिटर पाणी उकळायला साधारण दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे आजच्या सिलिंडरच्या भावानं दहा रुपयांच्या आसपास. सासूबाईंचं दोन लिटर तर दीड-पावणेदोन रुपयांत होतं, म्हणजे तुमच्या दीड रुपये लिटरच्या जारपेक्षाही कमी. निवलं की तोटीच्या स्टीलच्या पिंपात ठेवा. पिंप उघडं ठेवून त्यात फुलपात्र बुचकळायची सवय घरात असेल, तर आधी ती मोडा. टाकीतल्या पाण्यात क्लोरीन उरलंय का हे ग्रामपंचायतीचा माणूस ओटी टेस्टनं बघतो ना, तसं तुम्हीही बघू शकता. थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. नसेल तर मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) घाला, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात.

घरी फिल्टर बसवायचा विचार येईलच. दुकानदार आरओच गळ्यात मारेल. नको म्हणा. तुमच्या ३१० टीडीएसला आरओ लागत नाही आणि तो एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवतो. आठवड्यानं पाणी येणाऱ्या घरात हा चोचला परवडायचा नाही. ५०० च्या आत टीडीएस असेल तिथं आरओ बंद करा, असं राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये म्हटलं होतं. यूव्हीचा साधा फिल्टर पुरेल. बोअरचं खारं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट निराळी.

हॉटेलचं भांडण. इथं तुमचे मिस्टर चुकले, आणि हे त्यांना हळूच सांगा. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिलाय की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीवर छापील किमतीचं बंधन नाही, कारण तिथं तुम्ही नुसतं पाणी नाही, टेबल-खुर्ची-सेवाही घेत असता. साठ जास्त आहेत, पण बेकायदा नाहीत. उपाय एकच: बाटली उघडण्याआधी साधं पाणी मागायचं. मात्र किराणा दुकान, स्टँड किंवा स्टेशनवरच्या स्टॉलवर छापील किमतीपेक्षा रुपया जरी जास्त मागितला, 'थंड करण्याचे दोन रुपये' म्हणून मागितले, तर तिथं मिस्टरांनी जरूर आवाज चढवावा. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, रेल्वेसाठी १३९. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाटलीच्या पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, वीस लिटरच्या जारवरचा १२ वरून ५ वर. त्याच दिवसापासून रेल्वेच्या रेल नीरची लिटरची बाटली पंधराची चौदा झाली, अर्ध्या लिटरची दहाची नऊ. तेव्हा जारवाला 'टॅक्स वाढला' म्हणाला तर त्याला पावती मागा.

एक आगाऊ सूचना, तुम्ही विचारलं नसलं तरी. सीलबंद जार आणि बाटल्या उन्हात ठेवू नका. तापलेल्या प्लास्टिकमधून पाण्यात नको ते उतरतं. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या तीन ब्रँडच्या बाटल्यांत लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे कण मोजले. त्यानं नक्की काय अपाय होतो याचा अभ्यास चालू आहे. सावलीत ठेवायला मात्र कुणाच्या अहवालाची वाट बघायला नको.

आणि लग्न. डिसेंबरात, तेही संभाजीनगरात, चिल्ड पाणी मागणार कोण? लोक स्वेटर घालून जेवतील. चिल्ड जार म्हणजे पुन्हा तोच बिनलेबलचा जार, वरून बर्फगार, त्यामुळे चवीवरूनही काही कळत नाही. मिस्टरांचा हट्ट हवामानच मोडून काढेल. छोट्या बाटल्यांचंही मला कौतुक नाही. पाचशे माणसं, माणशी दोन बाटल्या, सहा रुपये नग, म्हणजे सहा हजार. वर अर्ध्या प्यालेल्या बाटल्यांचा मांडवभर खच. त्याऐवजी परवानेवाल्या स्थानिक भरणावाल्याला आधी सांगून ठेवा: पंचवीस-तीस सीलबंद जार, फार तर अठराशे रुपये. सील सकाळी तुमच्या घरच्या माणसासमोर तोडायचं, तोटीचे पिंप आदल्या दिवशी घासून घ्यायचे, आणि पंगतीत वाढायला जग. कार्यालयवाला बाहेरचं पाणी चालणार नाही म्हणेल. बुकिंगच्या कागदावर तसं लिहिलंय का ते आजच बघा. लिहिलं नसेल तर त्याचं म्हणणं मनावर घेऊ नका, आणि लिहिलं असेल तर त्याच्याकडून निदान पाणी पुरवणाऱ्याचा परवाना क्रमांक लिहून घ्या. वऱ्हाडाच्या गाडीत मात्र लिटरच्या सीलबंद बाटल्याच ठेवा. चौका घाटात जार हिंदकळला तर करवल्यांचे शालू भिजायचे.